राष्ट्राच्या फळांचा ताळेबंद

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संघाच्या चिटणिसांनी या संमेलनात बोलण्याविषयी आम्हांस पाचारण केले, तेव्हा विषय आमच्यावरच सोपविला होता. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभा जन्म रावेर तालुक्यातील प्राथमिक शाळांत पाढे, त्रैराशिक आणि सरासरी शिकविण्यात गेला. तेव्हा अध्यात्म किंवा राजकारण यांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. हिशेबाविषयी मात्र दोन शब्द बोलता येतील, असे वाटल्यावरून आम्ही एक हिशेबच आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे. आपल्या देशातील माणसांस खावयास ताजी फळे किती मिळतात, हे कसे मोजतात, हा तो हिशेब होय. विषय ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले आम्हांस दिसत आहे. आमच्या घरीही प्रथम हसूच उमटले होते.

देशाचे फळ मोजावयाचे म्हणजे काय? कोणी अधिकारी घरोघर जाऊन ताटे पाहत नाही. व्यापारी जशी वर्षअखेर वही घेऊन बसतो, तशी ही रीत आहे. वर्षारंभीची शिल्लक, त्यात देशातील उत्पादन आणि परदेशांतून आलेला माल मिळवावयाचा. परदेशी गेलेला माल आणि वर्षअखेरची शिल्लक वजा करावयाची. उरलेल्यातून वाटेत नासले ते, कारखान्यात रस वा गर काढण्यास गेले ते, आणि गुरांच्या पुढ्यात पडले ते काढून टाकावयाचे. शेवटी जे राहील त्यास लोकसंख्येने भागले म्हणजे ‘दरडोई उपलब्धता’ निघते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना १९४५ साली स्थापन झाली. असा ताळेबंद कसा मांडावा, याची पुस्तिका तिने १९४९ सालीच काढली. अमेरिकेच्या शेतकी खात्याकडे तर अशा आकड्यांची मालिका १९०९ सालापासूनची आहे. त्या देशात केळे पिकत नाही म्हणण्याइतके थोडे पिकते, तरी तेथे ताज्या फळांत माणशी केळ्याचाच वाटा मोठा असतो. कारण बेरजेच्या रकान्यातील आयात.

आपल्याकडे ही भागाकाराची वाट दादाभाई नौरोजींनी घालून दिली. दादाभाई एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. प्रांताप्रांतांच्या पिकांची किंमत काढून, तीस लोकसंख्येने भागून, हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरीने अवघे २० रुपये पडते, असे त्यांनी १८७६ साली मांडले. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्यास जे अन्नवस्त्र मिळते त्याचा खर्च त्यांनी त्या आकड्याशेजारी ठेवला. नुसती सरासरी मुकी असते. तिच्या शेजारी खाणाऱ्या माणसास उभे केल्यावाचून ती बोलत नाही, हे त्या गणितज्ञास ठाऊक होते.

आता आजचे आकडे घेऊ. भारतात वर्षाला सुमारे ११ कोटी टन फळे पिकतात. केळी, आंबा आणि पपई या तिन्हींत आपला देश जगात पहिला आहे. लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी वर्षास साडेअठ्ठ्याहत्तर किलो, म्हणजे दिवसास सुमारे २१५ ग्रॅम पडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ माणसाने दररोज १०० ग्रॅम फळे खावीत. मग तर आनंदी आनंद. हवे त्याच्या दुप्पट फळ देशात आहे! पण हा आनंद झाडाखालचा झाला. झाडाखालून ताटापर्यंत येताना काय होते, ते पाहिले पाहिजे.

निर्यातीने फारसे काही उणे होत नाही. आपल्या नाशिक-सांगलीकडील द्राक्षांचा एवढा बोलबाला आहे, तरी देशातून वर्षाला अडीच ते साडेतीन लाख टनच द्राक्षे बाहेर जातात. उणे होते ते नासाडीने. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या लुधियाना येथील संस्थेने २०१५ साली मोजले, तेव्हा तोडणीपासून किरकोळ दुकानापर्यंत पेरूचे शेकडा सुमारे सोळा आणि आंब्याचे शेकडा नऊ भाग वाया जात असल्याचे दिसले. सन २०२२ च्या मोजणीत यात थोडीच सुधारणा झाली होती. आणि ही नासाडी दुकानापर्यंतचीच बरे का; आपल्या घरच्या टोपलीत जे काळे पडते, ते यात धरलेले नाही.

त्यापुढे साल, बाठा आणि आठळी. घड तोलला तर दांडाही तोलला जातो, हे आम्हां खानदेशी माणसांस सांगणे नलगे. केळ्याचा तिसरा हिस्सा साल म्हणून जातो. फणसात खावयाचा भाग शंभरात तीस. पेरू मात्र सगळाच्या सगळा पोटात जातो, त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे. कोणत्या पदार्थाचा किती भाग खाण्याजोगा, याचे कोष्टक आपल्या देशात जुन्या काळापासून आहे. निलगिरीतील कुन्नूर येथे मॅक्कॅरिसनसाहेबांनी सुरू केलेल्या प्रयोगशाळेत ॲक्रॉइडसाहेबांनी ते काम वाढविले आणि पुढे हेच ॲक्रॉइड अन्न व शेती संघटनेत पोषणविभागाचे प्रमुख झाले. कुन्नूरची ती संस्था १९५८ साली हैदराबादेस गेली; तीच वर सांगितलेली राष्ट्रीय पोषण संस्था. नासाडी शेकडा बारा आणि साल-बाठा शेकडा तीस असा ढोबळ अदमास केला, तर २१५ ग्रॅमांचे १३० ग्रॅम उरतात. तरीही पुरेसे.

एक गंमत येथेच सांगून टाकतो. फळ कशास म्हणावे, यावर मोजणारांचे एकमत नाही. आपण ज्यास श्रीफळ म्हणतो, तो नारळ आपल्या कृषिखात्याच्या लेखी बागायती मळ्याचे पीक आहे, अन्न व शेती संघटनेच्या लेखी तो तेलबियांत जातो, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीचा माणूस दारी आला की तोच नारळ ताज्या फळांत लिहितो! कलिंगडास संघटनेच्या ताळेबंदात भाज्यांबरोबर बसविले आहे. तेव्हा दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी दोघांच्या टोपलीत काय काय आहे, ते आधी विचारावे.

आता या नमुना पाहणीविषयी. प्राध्यापक महालनोबिसांच्या प्रेरणेने १९५० साली ती सुरू झाली. निवडक घरी जाऊन, काय आणले, काय खाल्ले, केवढ्यास पडले, असे विचारतात. फळांविषयी हल्ली मागील सात दिवसांचे विचारतात. केळी आणि नारळ नगावर लिहितात, आंबा आणि सफरचंद किलोवर. या पाहणीने २०११-१२ साली काढलेला एक आकडा आमच्या वाचनात आला आणि आमची झोप उडाली. महिन्याला माणशी केळी: खेड्यात चारच्या आसपास, शहरात सहा-सात. त्याच वर्षी देशात केळ्यांचे उत्पादन सुमारे २ कोटी ८४ लाख टन आणि लोकसंख्या १२१ कोटी. आम्ही पाटी घेऊन बसलो. माणशी वर्षाला साडेतेवीस किलो, महिन्याला दोन किलोस थोडे कमी. किलोला आठ केळी धरली तर महिन्याची पंधरा-सोळा. झाडाखाली पंधरा आणि घरात चार! मधली गेली कोठे?

काही नासली, हे उघड आहे. काही हॉटेलांत, वसतिगृहांत, देवळांत आणि लग्नमांडवांत गेली असतील. ती कोणा एका घराच्या हिशेबात येत नाहीत. काही खाऊन विसरली गेली असतील, कारण रस्त्यात उभ्याने खाल्लेले केळे घरधनिणीस कोठून ठाऊक असणार? काही कदाचित कधी पिकलीच नसतील, म्हणजे क्षेत्र आणि एकरी उतारा लिहिताना लेखणी सैल सुटली असेल. फळबागेचे उत्पन्न गहू-ज्वारीसारखे एका दिवशी खळ्यावर येत नाही. तोडे महिनोनमहिने चालतात, म्हणून त्याचा अंदाज अवघड. यासाठी २०१४ पासून केंद्र सरकारने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केळी, आंबा इत्यादी पिकांचे क्षेत्र काढण्याचे काम आरंभिले. त्यास ‘चमन’ असे सुरेख नाव आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणे, सरकारास शीतगृहे आणि आगगाड्या किती लागतील हे ठरवावयाचे तर ताळेबंदाचा आकडा घ्यावा. आणि माणसे खातात किती, हे जाणावयाचे तर दारी जाऊन विचारलेल्या आकड्याकडे अधिक लक्ष द्यावे.

उलट बाजूही आहे. जे कोणत्याच वहीत चढत नाही, असेही फळ पुष्कळ आहे. आमची एक शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी होती. गावाखालच्या मळ्यांतून हिरवे घड कापून, ट्रक भरभरून उत्तरेकडे जात. पूर्वी सावद्याच्या आणि रावेरच्या स्टेशनांतून वाघिणी भरत. त्याच मळ्यांत मजुरी करणाऱ्यांची मुले आमच्या वर्गात बसत. एकदा तिसरीच्या वर्गात विचारले, ‘काल फळ कोणी खाल्ले?’ केळ्यासाठी दोन-तीन हात वर झाले. मग एक मुलगा हळूच म्हणाला, ‘गुरुजी, बोरं चालतील का?’ आणि सगळा वर्ग हात वर करून उभा राहिला. कोणाच्या खिशात बोरे, कोणाच्या पदरात टेंभुर्णीची फळे, कोणाकडे आवळे. शाळेच्या विज्ञानपेटीतील तराजू काढून आम्ही एका मुलाचा खिसा तोलला, तो पाव किलोच्या वर भरला. बांधावरचे जांभूळ, परसातला रायवळ आंबा, डोंगरातली करवंदे ही सातबाराच्या उताऱ्यात नीटशी येत नाहीत, बाजारात तर कधीमधीच येतात. राष्ट्राच्या वहीत ती मुले फळावाचून होती आणि त्यांचे दात मात्र आंबले होते. ही झाडे आता बांधांवरून वेगाने जात आहेत. त्यांची नोंद कधी झालीच नव्हती, म्हणून ती गेल्याने राष्ट्राच्या आकड्यात एका ग्रॅमाची घट दिसावयाची नाही. हे आम्हांस फार लागते.

असो. आता घरची गोष्ट. ती सांगावी की नाही, याविषयी आम्ही बराच विचार केला. परंतु दुसऱ्यांचे हिशेब तपासावयाचे आणि आपली वही मिटून ठेवावयाची, हे मास्तरास शोभत नाही.

सन २०२४ च्या श्रावणात आम्ही आमच्या घरचा फळांचा ताळेबंद मांडण्याचे ठरविले. घरात माणसे सहा: आम्ही, आमचे कुटुंब, चिरंजीव, सूनबाई, सहावीतली नात आणि तिचा धाकटा भाऊ. श्रावण म्हणजे उपासांचा आणि फळांचा महिना. काटा ओट्यावर मांडला, वही खिळ्यास टांगली. आरंभीची शिल्लक १ किलो. बाजारातून आली २५ किलो. पुतण्याच्या मळ्यातून दांडा वगळून १४ किलो केळी. कोणी आणून दिलेली, प्रसादाची अशी ३ किलो. एकूण ४३. पूजेस, देवळात आणि शेजारी मिळून ९ किलो गेली. सडून टाकली ती ५ किलो. हा आकडा पाहून घरात थोडा वाद झाला. तो आम्ही आणलेल्या स्वस्त पपयांविषयी होता. अखेरची शिल्लक १ किलो. राहिली २८. साली, बाठे, बिया तोलून ८ किलो भरल्या, त्या वजा जाता २० किलो. सहा माणसे, तीस दिवस. भागाकार १११ ग्रॅम.

पोषण संस्थेने १०० सांगितले आहेत, आमचे १११! रात्री जेवताना आम्ही तो आकडा मोठ्याने वाचून दाखविला. सर्वांनी कौतुक केले. नात तेवढी वही ओढून घेऊन पाहत बसली. शाळेत त्यांची सरासरी नुकतीच झाली होती. ती म्हणाली, ‘आजोबा, सहांनी का भागलं? आई तर खातच नाही. तिला भागाकारात कशाला धरलं?’

आम्ही हसण्यावारी नेले. सूनबाई ‘अगं, खाते की मी’ म्हणत ताटे उचलू लागल्या. परंतु पुढच्या आठवड्यात आम्ही वहीस नवे रकाने पाडले, प्रत्येकाच्या नावाचा एक. सात दिवस ज्याच्या पुढ्यात जे आले, ते आधी काट्यावर ठेवले. मांजरास लाडू द्यावा तसे सर्वजण आमच्याकडे पाहत. पण नातीने काम नेटाने चालविले. सात दिवसांत घरात खाल्ले गेलेले फळ साडेचार किलो. माणशी रोजचे १०७ ग्रॅम, म्हणजे सरासरी उत्तमच. आणि रकाने असे: आम्ही १३०० ग्रॅम. नातू ११५०. चिरंजीव ८००. आमचे कुटुंब ५५०. नात ५००. सूनबाई २००.

फळ सोलून, चिरून, बश्या भरून देणाऱ्या माणसाच्या वाट्यास दिवसाला सुमारे २९ ग्रॅम. त्यांतलेही बरेचसे एकादशीच्या दिवशीचे. बाकीच्या दिवशी बशीला चिकटलेला तुकडा आणि नातवाने अर्धे टाकलेले केळे. आणि सर्वांत अधिक कोणी खाल्ले? हिशेब लिहिणाराने! कोणी आमच्यापुढे बशी ठेवावी आणि आम्ही वर्तमानपत्रावरची नजर न काढता ती रिकामी करावी, असे चालले होते.

त्याच महिन्यात डॉक्टरांनी सूनबाईंचे रक्त कमी असल्याचे सांगितले होते. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि जेवणाबरोबर पेरू, आवळा, मोसंबी असे काही खात जा, त्याने अन्नातील लोह अंगी लागते, असेही सांगितले होते. पेरू घरात येत होते. वहीत त्यांची नोंद आहे. देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी शंभरांत सत्तावन्न जणींचे रक्त कमी आढळले. त्या सत्तावन्नांतील एक आमच्या स्वयंपाकघरात उभी होती आणि आम्ही मध्यावर शंभर-सव्वाशे ग्रॅमांची रेघ ओढून निश्चिंत होतो.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की देशाचा ताळेबंद आणि घराचा ताळेबंद एकाच ठिकाणी आंधळे होतात, आणि ते ठिकाण म्हणजे शेवटचा भागाकार. त्या आधीची बेरीज-वजाबाकी कितीही काटेकोर केली तरी भागताना सर्वांस सारखे धरावे लागते. नमुना पाहणीही घराच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि थांबते. ती घरास विचारते, घरातल्या कोणास किती, हे विचारीत नाही. प्रत्येकाच्या पानात काय पडले, हे पाहणारी एक यंत्रणा आपल्या देशात होती. पोषण संस्थेच्या देखरेखीखाली १९७२ साली राष्ट्रीय पोषण निरीक्षण विभाग सुरू झाला. त्याची माणसे काही राज्यांतील खेड्यापाड्यांत जाऊन, गेल्या चोवीस तासांत कोणी काय खाल्ले, हे माणसागणिक लिहीत; आपले महाराष्ट्र राज्य त्यांत होते. हा विभाग २०१५ मध्ये बंद झाला. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांस आणि पुरुषांस स्वतंत्रपणे विचारतात खरे, की फळ रोज खाता, आठवड्याने, क्वचित, की कधीच नाही? पण त्यात तोलणे नाही. उपग्रहातून केळीची बाग दिसते, हे मोठेच यश आहे. चिरलेल्या पेरूची बशी कोणापुढे गेली, हे त्यास दिसत नाही, आणि ते पाहणारांचे काम मात्र आपण थांबविले, हे आम्हांस बरोबर वाटत नाही.

आमच्या घरी त्यानंतर फार काही क्रांती झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. फळ अधिक आणले नाही, तेवढेच आणतो. आता सहा बश्या एकदम भरतात आणि सहाव्या बशीचा धनी बसल्याखेरीज नात आम्हांस हात लावू देत नाही. पहिले काही दिवस सूनबाई संकोचत, आपली फोड नातवाच्या बशीत सरकवीत. आमच्या कुटुंबाने त्यांस एकदा चार शब्द सुनावले, तेव्हापासून सरकवीत नाहीत. आमचा रकाना उतरला आहे. वही आता नातीच्या ताब्यात आहे आणि मागील महिन्यापासून तिने एक नवा रकाना घातला आहे, ‘झाडावरचे’. परसातल्या पेरूची आणि शेजारच्या जांभळीची नोंद ती त्यात करते.

त्याच वहीच्या नमुन्याचे तक्ते संघाच्या छापखान्याच्या कृपेने छापून घेतले आहेत. एका पानावर एक आठवडा. डावीकडे आलेले आणि गेलेले, उजवीकडे घरातील माणसांची नावे. नावे लिहिण्यास जागा आठ ठेवल्या आहेत, मोठ्या कुटुंबांनी मागील बाजू वापरावी. जेवणाच्या मंडपाच्या दाराशी चिटणीस ते घेऊन बसले आहेत. भगिनीवर्गाने ते न्यावेत. भरण्याचे काम मात्र घरातील पुरुषमंडळींनी करावे, काटा ओट्यावरच ठेवावा. पुढील संमेलनापूर्वी भरलेले तक्ते नावे खोडून चिटणिसांकडे पाठवावेत, म्हणजे आमच्या नातीस पुष्कळ बेरजा करावयास मिळतील.